मनोरे उभे राहतील. आग कोण पेटवणार?

संसदेत आगीच्या एखाद्या दुर्घटनेवर प्रश्न विचारला गेला की गृह मंत्रालयाच्या लेखी उत्तराचा पहिला परिच्छेद बहुधा ठरलेला असतो. अग्निशमन सेवा हा राज्यांचा विषय आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत तिचा समावेश नगरपालिकांच्या कामांत आहे. सबब मनुष्यबळ, साधनसामग्री आणि प्रशिक्षण यांची प्राथमिक जबाबदारी राज्यांची व स्थानिक संस्थांची. घटनात्मकदृष्ट्या या उत्तरात एक अक्षरही चुकीचे नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या या अनुसूचीत सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा आहेच. मात्र ज्या सेवेची जबाबदारी केंद्र स्वतःची मानत नाही, तिच्यासाठी हजारो कोटींची योजनाही केंद्रच आखते. खरा प्रश्न त्यामुळे उत्तराच्या दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतो.

पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतील पूर्वतयारी आणि क्षमतावृद्धीच्या भागातून राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण यांसाठी ५,००० कोटी रुपये राखून ठेवण्यात आले. त्यातील ५०० कोटी कायदेशीर व पायाभूत सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून द्यायचे होते. राज्यांनी आपला २५ टक्के वाटा घालायचा. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी तो १० टक्के. नवी अग्निशमन केंद्रे व आधुनिक साधने यांच्या जोडीला राज्यांच्या प्रशिक्षण केंद्रांचे बळकटीकरण हाही योजनेचा स्वतंत्र घटक ठरला. आयोगाचा कालावधी २०२१ ते २०२६ असा होता. योजनेच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या त्या जुलै २०२३ मध्ये. पाचातली दोन वर्षे अशी गेल्यावर उरलेल्या मुदतीत पैसा खर्ची पडावा असा दबाव येणारच, आणि अशा वेळी ज्याची निविदा लवकर निघते तेच काम आधी होते, हा सरकारी खर्चाचा स्वभाव आहे. बंबाची निविदा काढता येते, मनोऱ्याचीही काढता येते. अनुभवी प्रशिक्षकाची काढता येत नाही.

प्रशिक्षण केंद्र म्हणजे नेमके काय, हे यासाठी समजून घ्यायला हवे. मैदान, वर्गखोल्या, वसतिगृह आणि शिड्यांच्या सरावाचा मनोरा एवढे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. यापलीकडे दोन गोष्टी लागतात. पहिली, धुराची अंधारी वाट. अरुंद बोगदे, अर्धवट बंद दारे, आवाज आणि उष्णता यांतून पाठीवर दाबाखालील हवेची टाकी बांधून जवानाला सरपटत जावे लागते. कागदावर अर्धा-पाऊण तास पुरणारी हवा धापा टाकणारा माणूस कितीतरी आधी संपवतो. स्वतःची हवा किती वेळ पुरते, हे प्रत्येकाने खऱ्या आगीपूर्वीच जाणून घेतलेले बरे. ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडीतील कारखान्यांच्या इमारतीत ४३ जणांचा बळी गेला. त्यांतले बहुसंख्य परराज्यांतून पोटासाठी आलेले मजूर होते, आणि बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, धुराने गुदमरून गेला. अशा गल्लीत बंबापेक्षा धुरात शिरून बाहेर येण्याची सवय असलेला माणूस अधिक मोलाचा ठरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पुन्हा पुन्हा जाळता येईल अशी खोली. बंद खोलीत निघालेले ज्वलनशील वायू छताखाली साचतात. त्यांचे तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले की त्या उष्णतेने खोलीतील सर्वच वस्तू जवळजवळ एकाच क्षणी पेट घेतात. फ्लॅशओव्हर या नावाने ओळखला जाणारा हा क्षण आत सापडलेल्या जवानाला सहसा दुसरी संधी देत नाही. त्याची पूर्वचिन्हे पुस्तकात वाचता येतात, पण अंगात मुरतात ती पाहूनच. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात यासाठी मालवाहू पोलादी कंटेनर वापरात आले. एका टोकाला लाकडी फळ्या पेटवायच्या आणि दुसऱ्या टोकाला, खालच्या पातळीवर, शिकाऊ जवानांनी वाकून बसून डोक्यावरून सरकणारा धुराचा थर न्याहाळायचा. उघड्या मैदानात तेलाच्या तबकातील आग विझवण्याचे प्रात्यक्षिक पाहुण्यांना प्रभावी वाटते खरे, पण तिथला धूर आकाशात जातो; घरातला जात नाही.

ही जळणारी खोली अंदाजपत्रकाच्या दृष्टीने मोठी अडचणीची वस्तू आहे. साध्या काँक्रीटमध्ये वारंवार आग लावली तर त्याचे पापुद्रे उडतात. म्हणून आतून उष्णतारोधक अस्तर लावावे लागते आणि ते ठरावीक काळाने बदलावेही लागते. इंधन रोज विकत घ्यायचे, काजळीने दूषित झालेले पाणी साठवून शुद्ध करायचे, टाक्यांची दाबचाचणी करायची, जळके गणवेश बदलायचे. शिवाय ही आग निष्काळजीपणे लावली तर तीच जीव घेते. अमेरिकेत कोलोरॅडोतील बोल्डर येथे १९८२ साली अशाच सरावात दोन अग्निशामक दगावले, आणि त्यातून प्रत्यक्ष आगीच्या प्रशिक्षणासाठी १९८६ मध्ये स्वतंत्र मानक तयार झाले. तात्पर्य, प्रत्येक सरावामागे पुरेसे प्रशिक्षक, राखीव पाण्याची ओळ आणि वैद्यकीय पथक हवे. हा सारा महसुली खर्च आहे. कोनशिला बसवण्याजोगे त्यात काहीच नाही.

केंद्र-राज्य संबंधांची खरी गाठ इथेच पडते. इमारतीला एकदा अनुदान मिळते. इंधन आणि वेतन मात्र दरवर्षी लागते, आणि ते शेवटी राज्याच्या किंवा महापालिकेच्या तिजोरीतून यायचे असते. त्यात सेवेची रचनाही राज्याराज्यांत निराळी. मुंबईत दल महापालिकेचे, दिल्लीत ते प्रदेश सरकारचे स्वतंत्र खाते, तर उत्तर प्रदेशात ही सेवा दीर्घकाळ पोलिसांची शाखा म्हणूनच वाढली. केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यांना आदर्श विधेयकाचा मसुदा पाठवला. मात्र विधेयक कितीही आदर्श असले, तरी ते स्वीकारणे न स्वीकारणे हा राज्यांचा अधिकार आहे. आणि विधेयकाने संवर्ग निर्माण होतो, इंधनाची तरतूद होत नाही.

केंद्राला हा अनुभव नाही असे नाही. स्थायी अग्निशमन सल्लागार समितीच्या स्थापनेपाठोपाठ १९५६ मध्ये रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झाले आणि १९५७ मध्ये ते नागपुरात आले. देशभरातील अग्निशमन अधिकारी तिथे घडतात. अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही तिथे मिळते. त्याच शहरात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची प्रबोधिनी आहे. १९५७ पासूनचे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय २०१८ मध्ये तिच्यात विलीन झाले. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा भार केंद्राने उचलला, हे रास्तच झाले. परंतु आगीची पहिली दहा-पंधरा मिनिटे केंद्रीय दलाची नसतात. ती जवळच्या केंद्रावरील महापालिकेच्या जवानाची असतात, आणि त्याचे प्रशिक्षण साखळीतल्या सर्वांत दुबळ्या तिजोरीवर अवलंबून आहे.

याची किंमत कोण मोजतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकीन या दारूगोळा वाहणाऱ्या जहाजाची आग विझवताना झालेल्या स्फोटांत ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्या दिवसाची आठवण म्हणून देश अग्निशमन सेवा दिन पाळतो. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासाला लागलेल्या आगीत इमारत कोसळून मुंबई दलाचे चार अधिकारी गेले. दलप्रमुख सुनील नेसरीकर त्यांत होते. वर्षानुवर्षे आगीत वावरलेल्या अधिकाऱ्यांवरही अशी वेळ येते, तर जळती इमारत वाचणे ही वर्दीबरोबर आपोआप येणारी विद्या नव्हे, हे उघड आहे.

उपाय घटनादुरुस्तीइतका अवघड नाही. अनुदानाचा हप्ता बांधकामाच्या चौरस फुटांशी न जोडता सरावाशी जोडता येईल: वर्षातून किती जवान धुराच्या वाटेतून गेले, किती जण जळत्या खोलीत बसले, मंजूर प्रशिक्षकांपैकी किती पदे भरली. उपयोगिता प्रमाणपत्रात हे तीन आकडे मागायला कोणाच्या स्वायत्ततेला धक्का लागत नाही. लहान राज्यांना शेजाऱ्यांसोबत एकच सुसज्ज केंद्र चालवण्याची मुभाही देता येईल. रोज पेटणारे एक केंद्र, वर्षातून एकदा रंगसफेदी होणाऱ्या तीन केंद्रांहून स्वस्त पडते.

यापुढे आगीचा प्रश्न सभागृहात येईल तेव्हा किती निधी दिला, हे विचारून सदस्यांनी समाधान मानू नये. त्या निधीतून उभ्या राहिलेल्या केंद्रात गेल्या वर्षी किती वेळा आग लावली गेली, हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर ‘राज्यांचा विषय’ एवढ्यावर संपवता येणार नाही.