पोरांचा अभ्यास : वाचणं वेगळं, आठवणं वेगळं



गळीत हंगाम ऐन भरात असतो आणि तेव्हाच दहावी-बारावीची परीक्षा दाराशी येते. तोड आलेली, टोळी फडात, त्यात रात्रीच्या विजेवर पाणी पाजायचं. अशा गडबडीत पोरगं पुस्तक घेऊन बसलं की आपण निर्धास्त. ते बसून करतं काय, हे मात्र कोणी पाहत नाही.

बहुतेक घरांत रीत एकच. धडा वाचायचा, रेघा मारायच्या, पुन्हा वाचायचा. ओळखीचं वाटू लागलं की पोरगं म्हणतं, ‘आलं मला.’ बाजारात एखाद्याचा चेहरा ओळखतो, पण नाव ओठांवर येत नाही, तशातली ही गत.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थी एक उतारा चार बैठकांत वाचत राहिले. दुसऱ्यांनी एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१!

दुसरी गोष्ट अंतराची. ती आपल्याला कोणी शिकवायला नको. चार पाळ्यांचं पाणी एकाच दिवशी सोडलं तर ऊस पितो थोडाच? अभ्यासाचंही तेच. आज केलेला धडा दोन दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा आठवून पाहावा. आदल्या रात्री केलेलं घोकणं पेपरापुरतं टिकलं तर टिकलं.

यात आई-बापाचं शिक्षण आड येत नाही. पुस्तक आपल्या हातात घ्यावं, मिटावं आणि ‘आज काय शिकलास, सांग’ एवढंच म्हणावं. अडखळलं तर पोरानंच पान उघडून बघावं. गाइडवर पैसे घालण्याआधी हे करून बघा, फुकट आहे.

आणखी एक स्पष्ट बोलतो, राग मानू नये. परीक्षेच्या वर्षी पोराला रात्रीच्या पाण्यावर पाठवू नका. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं. दाऱ्यावर जागून सकाळी वर्गात पेंगणारं पोर कसलं शिकणार? गडी मिळत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. तेवढे दोन महिने भावकीत पाळ्या वाटून घ्या.

आणि रविवारी जुनी प्रश्नपत्रिका देऊन, घड्याळ लावून, पुस्तकाविना सोडवायला बसवा.