दुचाकीस्वाराचे संरक्षक जाकीट : निवड कशी करावी?

रत्नागिरी जिल्हा हा घाटवळणांचा आणि मुसळधार पावसाचा प्रदेश आहे. कशेडी, भोस्ते, परशुराम, कुंभार्ली, आंबा या घाटांतून आणि वाडीवस्तीच्या अरुंद रस्त्यांवरून शिक्षक, आरोग्यसेवक व पंचायतीचे कार्यकर्ते दररोज मोटारसायकलने प्रवास करतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ अन्वये शिरस्त्राण बंधनकारक आहे; जाकिटाची मात्र सक्ती नाही. म्हणूनच त्याची निवड जाणतेपणाने होणे अगत्याचे ठरते.

दुहेरी कार्य

वाहन घसरले की स्वाराचे शरीर रस्त्यावर आदळते आणि फरफटत जाते. साधा सुती सदरा क्षणार्धात फाटतो व कातडी सोलवटते. जाकिटाचे कापड हे घर्षण सोसते; खांदा, कोपर व पाठ येथील कवचे आघात सोसतात. यांपैकी एकाचे काम दुसरे करू शकत नाही.

कापडाची पारख

जाड चामडे घर्षणाला उत्तम टिकते. परंतु ते जड व उष्ण असते आणि कोकणच्या दमट हवेत त्यावर बुरशी चढते. नायलॉन व पॉलिएस्टर हलके असतात. त्यांच्या धाग्याची जाडी ‘डेनियर’ या मापाने सांगतात : ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. जाळीदार कापड उन्हाळ्यात सुखावह असते. मात्र खांदे व कोपर यांवर घट्ट विणीचे कापड आहे ना, हे पाहावे. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेल्या केव्हलारसारखे ॲरामिड धागे घर्षणाच्या उष्णतेने नायलॉनप्रमाणे वितळत नाहीत. कापड कोणतेही असो, शिवण दुहेरी वा तिहेरी असावी. कारण शिवण उसवल्यास चांगले कापडही निरुपयोगी ठरते.

कवचाची कसोटी

कवचांवर बहुधा ‘ईएन १६२१’ हे युरोपीय मानक आढळते. या कसोटीत सुमारे ५ किलो वजन १ मीटर उंचीवरून कवचावर पाडतात व पलीकडे पोहोचणारे बल मोजतात. खांदा व कोपर यांच्या कवचातून पहिल्या श्रेणीत सरासरी ३५ किलोन्यूटन, तर दुसऱ्या श्रेणीत २० किलोन्यूटनपर्यंत बल पलीकडे जाणे ग्राह्य धरतात. पाठीच्या कवचासाठी हीच मर्यादा अनुक्रमे १८ व ९ आहे. अर्थात आकडा जितका लहान, तितके संरक्षण अधिक. अनेक जाकिटांच्या पाठीत केवळ साध्या फोमचा तुकडा असतो. म्हणून आतील खिसा उघडून कवचावरील मानकाची खूण स्वतः पाहावी.

मापाचे महत्त्व

जाकीट वाहनावर बसून, हात पुढे करून घालून पाहावे. त्या स्थितीत कवच नेमके कोपरावर राहिले पाहिजे. ढगळ बाहीतील कवच पडण्याच्या क्षणी सरकते आणि हाड उघडे राहते. पावसाळ्यासाठी काढता येणारे जलरोधक अस्तर आणि अंधुक प्रकाशात चमकणाऱ्या पट्ट्या उपयुक्त ठरतात.

जाकीट वेगाला पर्याय नव्हे. समोरून येणाऱ्या ट्रकची धडक कोणतेही कवच थोपवू शकत नाही. तसेच उकाड्यामुळे खुंटीवरच राहणाऱ्या महागड्या जाकिटापेक्षा, शाळेपर्यंतच्या चार किलोमीटरांसाठीही अंगावर चढणारे, प्रमाणित कवचांचे हलके जाकीट अधिक हितकारक होय.