खांबावर चढण्यापूर्वी

बालरोगतज्ज्ञाचा रुग्ण अठराव्या वर्षी त्याच्या हातून सुटतो, असे पाठ्यपुस्तक सांगते. इंदूरसारख्या गावात तसे घडत नाही. जिला पहिली बीसीजी मी टोचली, ती मुलगी नोकरीनिमित्त पुण्याला वा बेंगळुरूला गेली तरी तिच्या आईचे प्रश्न माझ्याच दवाखान्यात येतात. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. आवाज खाली आणून आई विचारते, "डॉक्टरबाई, ही तिकडे पोल डान्स शिकते म्हणे. चालेल का?" या 'चालेल का'मध्ये दोन प्रश्न दडलेले असतात. एक लौकिकाचा, दुसरा शरीराचा. आपल्या मंडळातील सहकाऱ्यांनाही हे विचारले जात असणार, म्हणून हा लेखनप्रपंच.

लौकिकाचे आधी उरकून घेऊ. उभ्या दांड्याभोवतीचे हे नृत्य पाश्चात्त्य देशांतील रात्रीच्या क्लबांतून आले, हे खरेच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सर्कशीतील चिनी खांबाची कसरत त्याहून कितीतरी जुनी आहे. १९९०च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत या प्रकाराचे व्यायामवर्ग निघाले, २००९ साली त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि आता नियमबद्ध स्पर्धा होतात. आपल्या माळव्याला तर खांबाचे नवल वाटण्याचे कारणच नाही. बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. त्याच्या राष्ट्रीय संघटनेचा आरंभ १९८१ साली आपल्या शेजारच्या उज्जैनला झाला, आणि २०१३ मध्ये मध्य प्रदेश शासनाने मल्लखांबाला राज्यक्रीडेचा दर्जा दिला.

आयांना खरा खटकतो तो पोशाख. त्यामागे घर्षणाचे साधे शास्त्र आहे. मल्लखांब लाकडाचा, पायथ्याशी चांगलाच जाड; त्यावर कातडी सोलली जाऊ नये म्हणून एरंडेल तेल लावून घर्षण कमी करावे लागते. पोल मात्र गुळगुळीत धातूचा, बहुधा पंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचा. त्यावर कापड घसरते, पकड बसते ती केवळ उघड्या त्वचेची. मांडी आणि गुडघ्यामागची खोबण उघडी नसेल तर शिकणारी खाली येईल. मल्लखांबपटूच्या लंगोटाकडे आपण ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने या आखूड चड्डीकडे पाहावे.

याच शास्त्रातून नवशिक्यासाठी पहिली सूचना निघते. वर्गाच्या दिवशी अंगाला तेल, क्रीम, लोशन काही लावू नये. अंगठ्या, बांगड्या, कडी काढून ठेवावीत; मंगळसूत्रही. हाताला घाम फार येत असेल तर खडूची पूड चालते आणि पोल अधूनमधून स्पिरिटने पुसावा. मल्लखांबाची सवय असलेल्या मुलीने तेलाचा हात इथे आणला तर ती पहिल्याच मिनिटाला जमिनीवर असेल.

आता शरीर. या व्यायामात नवशिक्याचे सर्वाधिक हाल होतात ते खांद्याचे. आपला खांदा हा उथळ बशीत ठेवलेल्या चेंडूसारखा सांधा. त्याची स्थिरता बव्हंशी स्नायूंवर अवलंबून. नवखी मुलगी दांडा धरते आणि ढिल्या खांद्याने लोंबते. कान आणि खांदा एकमेकांना टेकतात आणि सारे वजन स्नायूंऐवजी अस्थिबंधांवर व सांध्याच्या आवरणावर येते. म्हणून पहिले काही आठवडे एवढेच शिकावे: दांडा धरून खांदे कानांपासून खाली ओढणे, ते तसेच ठेवून पाय क्षणभर उचलणे, आणि सावकाश टेकवणे. हे दिसायला अगदीच रटाळ आहे. समाजमाध्यमांवर याचे छायाचित्र कोणी टाकत नाही, आणि म्हणूनच ते सर्वप्रथम गाळले जाते.

पुढे येते उलटे होणे. डोके खाली, पाय वर, ही मुद्रा सर्वांनाच खुणावते. माझे मत स्पष्ट आहे. उडी न मारता, झोका न घेता दोन्ही गुडघे छातीशी आणता येत नाहीत आणि तितक्याच संथपणे खाली सोडता येत नाहीत, तोवर उलटे होऊ नये. झोक्याने वर गेलेली मुलगी स्नायूंच्या बळावर गेलेली नसते. परत येताना ते बळ लागते तेव्हा ते तिच्यापाशी नसते. मल्लखांबाचे जुने वस्ताद सलामी आणि साधी अढी यांवर मुलाला कंटाळा येईपर्यंत घोळवत, आणि उतरण्यालाही चढण्याइतकेच महत्त्व देत. दसरंग फार पुढचा. तो क्रम शरीरशास्त्राला धरूनच होता.

मनगटाचेही भान हवे. एक हात वर ओढणारा, दुसरा खाली ढकलणारा, अशा पकडीत खालच्या मनगटावर व कोपरावर पिळाचा भार येतो. ती पकड आरंभी टाळावी. प्रत्येक कृती डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी करावी. आठवड्यातून दोन वर्ग पुरेत. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, कंडरांना कितीतरी अधिक काळ लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कोपराची आतली बाजू दुखू लागते ती याच तफावतीमुळे.

वाढत्या वयाच्या मुलांविषयी वेगळे सांगायला हवे, मग खांब लाकडाचा असो वा पोलादाचा. उंची झपाट्याने वाढते त्या काळात, मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांमध्ये त्यानंतर दोनेक वर्षांनी, हाडांच्या टोकांच्या ग्रोथ प्लेट नाजूक असतात. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस दाबल्यावर दुखत असेल, तर ती 'मुरगळ' म्हणून सोडू नये. सराव थांबवून एक्स-रे काढावा. अंगठा मागे वळून हाताला टेकणारी, कोपर उलटे वाकणारी अतिलवचीक मुले पाहून शिक्षक खूश होतात. मी मात्र सावध होते. त्यांना लवचिकता वाढवण्याची नव्हे, सांधा आवरण्याची शिकवणी हवी.

आणि वळ. पोलवरच्या नवशिक्यांच्या अंगावर हिरवेनिळे डाग हमखास उठतात. मांडीची आतली बाजू, गुडघ्यामागे, नडगी, पायाचा चवडा या त्यांच्या जागा. आई घाबरते, क्वचित शेजारी भलताच संशय घेतात. असे डाग दोन-तीन महिन्यांत कमी होत जातात. पण सहकाऱ्यांना विनंती, 'व्यायामाचे असतील' म्हणून हात झटकू नयेत. दांड्याचा स्पर्श होत नाही अशा जागी, पाठीवर, कानामागे, पोटावर डाग असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, पाळीत अतिस्राव होत असेल, तर प्लेटलेटची गणना करावी आणि फॉन विलेब्रांड आजाराचा विचार करावा. मुलीला एकटीला बसवून घरात, वसतिगृहात, वर्गात कोणी मारत तर नाही ना, हेही विचारावे. व्यायामाचे निमित्त इतर गोष्टी झाकू शकते.

हिमोग्लोबिन तर तपासावेच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. 'हलके असले की वर चढणे सोपे' म्हणून जेवण कमी करणाऱ्या मुली मी पाहते. तीन महिने पाळी आली नाही तर सराव बाजूला ठेवून आधी आहार पाहावा. शिकू इच्छिणाऱ्या आयांनाही माझी ना नाही; मात्र रक्तदाब आटोक्यात नसेल, काचबिंदू वा पडद्याचा विकार असेल, खांदा पूर्वी निखळलेला असेल किंवा दिवस राहिले असतील, तर उलटे होणे नको.

राहता राहिला घरी पोल लावण्याचा हट्ट. दाबाने बसणारा पोल खालच्या व वरच्या पृष्ठभागांत घट्ट अडकलेला असतो. आपल्या सदनिकांतील पीओपीचे खोटे छत तो भार पेलत नाही. वर सिमेंटचा स्लॅब वा तुळई असेल तिथेच तो लावावा, दर वेळी हलवून पाहावा, खाली जाड गादी अंथरावी आणि घरात कोणी नसताना चढू नये. पहिले सहा महिने तर वर्गातच शिकावे. आणि वर्ग निवडताना शिक्षिकेला एवढेच विचारावे, की मुलगी प्रथम उलटी होते तेव्हा तिच्याजवळ उभे कोण राहते.