एक ठुमरी, तीन गळे
'पिया बिन नाही आवत चैन' ही झिंझोटीतली ठुमरी घरोघरी पोचली ती मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएम तबकडीमुळे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं! तेवढ्यात लागलेल्या त्या आर्त सुरानं गदगच्या लहानग्या भीमसेनला असं झपाटलं, की १९३३ साली गुरूच्या शोधात त्यानं घर सोडलं. पुढे पंडित भीमसेन जोशी झाल्यावर त्यांनीही ती गायली. दरम्यान १९३५च्या हिंदी 'देवदास'मध्ये कुंदनलाल सैगल यांनी तीच ठुमरी तानांचा पसारा टाळून, जवळजवळ गुणगुणल्यासारखी म्हटली. जॅझवाले अमेरिकी संगीतकार गर्श्विनचं 'समरटाइम' हे गाणं असंच पुन्हापुन्हा नव्यानं मांडतात. आधी खाँसाहेब ऐका, मग सैगल, भीमसेन शेवटी.