आधी आपले अंतःकरण

परदोष पाहण्यास मनुष्याची दृष्टी जात्याच तीक्ष्ण असते. स्वदोष पाहण्याचा प्रसंग आला म्हणजे तीच मंद होते. प्रभू येशू ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनात (मत्तय, अध्याय ७) कुसळ व मुसळ यांच्या दृष्टांताने नेमके हेच व्यंग दाखविले आहे.

हा दृष्टांत ऐकून कित्येकांचा असा समज होतो की, दुसऱ्याच्या चुकीविषयी मौन धरणे हाच ख्रिस्ती धर्म. तसे नव्हे. डोळ्यातील कुसळ खुपते; ते काढलेच पाहिजे. परंतु डोळा नाजूक. ते काढणाऱ्याची दृष्टी निर्मळ व हात हलका हवा. म्हणून प्रभूने क्रम घालून दिला: आधी आपले मुसळ, मग बंधूचे कुसळ.

पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र या बाबतीत मननीय आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले. देशोदेशी त्यांची कीर्ती झाली. एवढ्यावर कोणीही समाधान मानले असते. परंतु बाईंनी आपले अंतःकरण तपासले, आणि १८९१ च्या सुमारास त्यांस कळून आले की, आपण धर्ममत स्वीकारले खरे, पण त्या धर्माचा जो प्राण, त्याची ओळख अद्याप व्हावयाची आहे. जगाने ज्यांस पुढारी मानिले, त्यांनी हे उणे लपविले नाही. आपल्या साक्षीत ते मोकळेपणाने लिहून ठेविले. दुष्काळातील निराधार मुलींस त्यांनी जवळ केले, केडगावी मुक्ती सदन उभारिले, ते सारे यानंतरचे.

एवढ्या थोर उदाहरणापुढे आमची गोष्ट लहान आहे, तरी सांगतो. एका विद्यार्थ्याचे बरोबर असलेले गणित आम्ही चुकीचे ठरविले. त्याने वही आणून ते नम्रपणे दाखविले. त्या क्षणी आमची नजर आमच्या चुकीकडे न जाता, त्याच्या वहीत दुसरी चूक कोठे सापडते, हे शोधू लागली! मुसळ म्हणतात ते हेच. वर्गासमोर चूक कबूल केली, तेव्हा मन हलके झाले.

आपल्या छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्की सर्वांनी पाहिली आहे. दूरच्या डोंगरातून जमिनीखालील नळांनी आणलेल्या पाण्यावर तेथील जाते फिरे. पाहणाऱ्यास जाते दिसे. नळ दिसत नसे. तद्वत् दुसऱ्याचे कृत्य आपणांस दिसते. त्यामागील दुःख, भूक वा भय दिसत नाही. तो नळ देवासच ठाऊक. आपला नळ मात्र आपणांस तपासता येतो; त्यातील गाळ आपणच काढावयाचा आहे.

विद्यार्थीमित्रहो, आज रात्री प्रार्थनेस बसाल तेव्हा सोबत्याच्या तक्रारीपूर्वी आपली एक चूक देवापुढे मांडा. पालकहो, मुलाची कानउघाडणी करण्यापूर्वी आपणही क्षणभर तेच करू या. मग जो शब्द तोंडून निघेल, तो बोचणार नाही, बरे करील.