भगिनी शहरे आणि पीण्याचे लघुउद्योग

परराष्ट्र व्यवहार, परदेशांशी करार आणि सीमाशुल्क हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार संघसूचीतील विषय आहेत. तरीही राज्ये व शहरे केंद्राच्या संमतीने परदेशातील प्रांतांशी आणि शहरांशी व्यापारी व सांस्कृतिक संबंध जोडू शकतात. ब्रिटनमधील पोलादनगरी शेफील्डने २०१० मध्ये चीनच्या चेंगडू शहराशी असे नाते जोडले. ऑक्टोबर २०१३ मध्ये बंगळूर आणि चेंगडू ही भगिनी शहरे झाली. मे २०१५ मध्ये कर्नाटक व सिच्वान प्रांत यांच्यातही करार झाला.

अशा करारांचा कस बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रासारख्या ठिकाणी लागतो. १९७० च्या दशकात विकसित झालेल्या या वसाहतीत सुटे भाग, साचे व यंत्रे बनविणारे हजारो लघुउद्योग आहेत. चिनी यंत्रसामग्री त्यांना स्वस्त पडते; परंतु चिनी तयार माल त्यांच्याशीच स्पर्धा करतो. आयात शुल्काचा निर्णय शहराच्या हाती नसतो. शिवाय एप्रिल २०२० मध्ये केंद्राने भारताला लागून भूसीमा असलेल्या देशांतील गुंतवणुकीस सरकारी पूर्वपरवानगी आवश्यक केली. साहजिकच भगिनीत्वाला मर्यादा पडल्या.

डेन्मार्कच्या सहकार्याचा अनुभव वेगळा आहे. त्यातून १९७२ मध्ये बंगळुरात शासकीय टूल रूम व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. साचे घडविण्याचे कौशल्य एकदा कामगाराच्या हाती आले की करार संपल्यावरही ते टिकते. प्रादेशिक भागीदारीचे मूल्यमापन करताना म्हणूनच प्रशिक्षण, चाचणी सुविधा आणि लघुउद्योगांना मिळालेली मागणी हे निकष महत्त्वाचे ठरतात.