‘यूज्ड टू’: सवय आजची की कालची?

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवार छातीठोकपणे सांगतो, ‘आय यूज्ड टू रीड द न्यूजपेपर एव्हरी डे.’ त्याला म्हणायचं असतं, मी रोज पेपर वाचतो. समोरच्याला ऐकू येतं ते भलतंच: पूर्वी वाचायचा, आता सोडलेलं दिसतंय. वाक्य व्याकरणात चोख असल्यामुळे चूक कुणी दाखवूनही देत नाही.

‘यूज्ड टू म्हणजे सवय असणे’ हे समीकरण आपण शाळेतच पाठ केलेलं असतं. खरं तर क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारं ‘यूज्ड टू’ फक्त भूतकाळाचं. आपल्याकडे त्याला नेमकी जोड आहे: ‘वाचायचो’, जुन्या वळणाचं ‘वाचत असे’. आजच्या सवयीला साधा वर्तमानकाळ पुरतो, ‘आय रीड’. फार तर ‘यूज्वली’ जोडा.

मग ‘आय यूज टू गो’ चालेल का? चारशे वर्षांपूर्वी चाललं असतं. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये सवयीचं हे वर्तमानकाळी रूप आहे. पुढे ते वापरातून गेलं, भूतकाळ तेवढा उरला.

खरा घोळ होतो तो ‘अ‍ॅम’ मध्ये आला की. ‘आय यूज्ड टू ट्रॅव्हल बाय लोकल’ म्हणणारा लोकलमधून सुटला बिचारा. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग बाय लोकल’ म्हणणाऱ्याला मात्र गर्दीचं आता काही वाटत नाही, ती त्याच्या अंगवळणी पडली आहे. इथे ‘टू’नंतर नाम येतं किंवा आयएनजी लागलेलं रूप. ‘अ‍ॅम यूज्ड टू ट्रॅव्हल’ हे चूकच.

मुदत सांगायची असेल तरी ‘यूज्ड टू’ नको. पुण्यात पाच वर्षं राहिलात, तर ‘आय लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणा.

नकारात ‘डिडन्ट’ आलं की लिहिताना ‘यूज्ड’मधला डी गाळायचा: ‘डिडन्ट यूज टू’. बोलताना हा फरक कानाला कळतच नाही, कारण दोन्हींचा उच्चार ‘यूस्टू’ असाच होतो.

अर्ज किंवा बायोडेटा पाठवण्याआधी त्यातलं प्रत्येक ‘यूज्ड टू’ शोधा. ते काम आजही करत असाल, तर ते शब्द खोडून साधा वर्तमानकाळ लिहा.